४०१ घरं आणि सुताराची पिशवी

१८१९ साली धुळ्यात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. पेशवाई आदल्याच वर्षी बुडाली होती, खानदेशातली कितीतरी गावं ओस पडली होती, आणि कंपनी सरकारचा पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठचं हे लहानसं गाव मुख्य ठाणं म्हणून धरलं. मग लांबलांबून कारागीर आणवले, कचेऱ्या उभ्या केल्या. वसायला येईल त्याला घराची जागा कायमची बिनभाड्याने, शिवाय पक्कं घर बांधायला सरकारातून उचल. धुळ्याच्या पेठेत आज आपण ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ म्हणत ज्या सरळसोट गल्ल्यांतून फिरतो, त्यांची सुरुवात तिथली. १८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरात हा सगळा मजकूर आहे.

कारागीर आणवले, एवढ्या दोन शब्दांशी मी थांबतो. आमच्याकडचं जुनं पक्कं घर म्हणजे धाब्याचं. भिंती मातीच्या, पण भार लाकडावर: खाली दगडी उथाळी, तीवर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, वर कडीपाट आणि त्याच्यावर मातीचं धाबं. असलं घर सुताराशिवाय उभं राहत नाही. म्हणजे ब्रिग्जच्या माणसांत सुतार होतेच, आणि सुतार कुठे रिकाम्या हाताने जात नाही. घरांची मोजदाद झाली, माणसांची झाली, त्यांच्या खांद्यावरच्या पिशव्यांची कोण करणार?

याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे स्थापन झालं. राजवाड्यांनी उभी हयात गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दफ्तरं खाली काढली. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मीही लोकांच्या माळ्यावरच चढतो. फरक इतकाच की मला कागद नको असतात. त्याच माळ्यावर, कागदांच्या मागे, बहुतेक वेळा एक रंधा असतो.

मी जळगावला आयटीआयमध्ये सुतारकामाचा शिल्प निदेशक होतो. घराणं सुताराचंच. आजोबा एरंडोल तालुक्यात गिरणाकाठच्या एका गावात बलुतं करत. नोकरीत असताना मुलांना दाखवायला म्हणून जुनी हत्यारं आणायला लागलो आणि निवृत्तीनंतर मागची खोली त्यांनी भरून गेली. घरचे तिला भंगारखाना म्हणतात. त्यांना बोलायची सोय नाही असं नाही, कारण निम्मी हत्यारं मी भंगारवाल्याकडूनच किलोच्या भावाने घेतलेली आहेत.

गावच्या सुताराकडे पेटी क्वचित असे. गोणपाटाची नाहीतर कातड्याची पिशवी, आणि तिच्यात वाकस, करवत, किंकरं, दोन-तीन पटाश्या, रंधा, गुण्या, सामता, रेघ मारायला सूत आणि काव. एवढ्यावर तो नांगर करी, तिफण करी, पाळणा करी, घर उभं करी. यातला वाकस सगळ्यांत महत्त्वाचा. शहरातल्या फर्निचरवाल्या मिस्त्रीने तो आता पाहिलेलाही नसतो.

माझ्याकडचा एक वाकस पारोळ्याचा. पातं वीतभर, तोंडाशी चार बोटं रुंद. मागे चौकोनी माथा, त्याच्या कडा ठोकून ठोकून बाहेर वळलेल्या. म्हणजे हातोडा वेगळा बाळगायची गरजच नाही. धार एकाच अंगाने, आतल्या. पातं उजेडात तिरपं धरलं की धारेपासून बोटभर वर एक फिकट, थोडी नागमोडी रेघ दिसते. त्या रेघेच्या खाली पोलाद आहे आणि वर मऊ लोखंड. पोलाद महाग, म्हणून लोहार नुसत्या तोंडाला पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करी. सगळा वाकस पोलादाचा केला तर तो घाव सोसणार नाही, तडकेल. सगळा लोखंडाचा केला तर धार टिकणार नाही. वर्षानुवर्षं धार लावून पट्टी झिजत झिजत रेघेपाशी आली की सुतार पुन्हा लोहाराकडे जाई आणि नवं पोलाद चढवून घेई. या वाकसाला तसं एकदा चढवलेलं आहे, कारण रेघा दोन दिसतात, एक जुनी आणि एक तिच्या खाली.

दांडा बघा. तिवसाचा आहे, आणि दोन ठिकाणी खोल झिजलाय: एकदा अगदी शेवटाला आणि एकदा पात्याच्या जवळ. शेवटाला धरून उभं लाकूड तासायचं, जवळ धरून बारीक ढलपी काढायची. दोन्ही झिजा जवळपास सारख्याच आहेत. नुसता औतकाठी करणारा असता तर मागची झीज जास्त असती. या माणसाने चौकटी, पाळणे, देव्हारे असलं नाजूक कामही बरंच केलेलं दिसतं. त्याचं नाव मला सापडलेलं नाही आणि त्याची खंतही नाही. काम कळलं.

ही हत्यारं बसून चालवायची होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचं काहीच कळत नाही. आयटीआयमध्ये मुलगा आला की आम्ही त्याला पहिल्याच दिवशी बेंचापुढे उभा करायचो आणि लाकूड शिकंजात आवळायला शिकवायचो. आजोबांना उभं राहून रंधा मारताना मी कधी पाहिलं नाही. ते जमिनीवर बसत, लाकूड पायाच्या अंगठ्यांत आणि टाचेखाली धरत. दोन्ही हात मोकळे. लाकूड फिरवायचं तर शिकंजा सैल करा, परत आवळा, ही भानगड नाही. पाय जरा हलवला की झालं. लॉकवुड किपलिंग हा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारा चित्रकार. १८७० च्या सुमारास त्याने सरकारच्या सांगण्यावरून उत्तरेतल्या कारागिरांची रेखाटनं केली. त्यांतले कारागीरही असेच जमिनीवर बसलेले आहेत. साहेबलोकांनी या बैठकीवरून आळसाची टीकाही पुष्कळ केली. टीका करणाऱ्यांनी पायात लाकूड धरून तासभर काम करून बघायला हवं होतं.

बसण्यामुळे करवतही वेगळी. आपल्या जुन्या करवतीचे दाते मुठीकडे वळलेले असतात, म्हणजे ती ओढताना कापते. विलायती करवत ढकलताना कापते. ढकलायचं तर पातं वाकता कामा नये, म्हणून ते जाड लागतं. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं, म्हणून पातळ पत्र्यावर भागतं. जपानी सुतारही ओढूनच कापतात आणि त्यांच्या करवतींचं जगभर कौतुक होतं. आपल्या करवतीचं कौतुक करायला आपणच विसरलो. माझ्याकडे शेफिल्डच्या स्पिअर अँड जॅक्सनची एक करवत आहे. पात्यावरची छापाची अक्षरं निम्मी पुसलेली, पोलाद अजून टणत्कार करणारं. तिचे सगळे दाते कुणीतरी कानशीने घासून उलटे करून घेतलेत आणि मूठ काढून तिथे बाभळीची सरळ दांडी बसवलीय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, करवतीचं वाटोळं केलं. मला ती माझ्या खोलीतली सगळ्यांत मोलाची वस्तू वाटते. विलायतेहून आलेलं पोलाद त्या माणसाने घेतलं, पण बसायची रीत सोडली नाही.

जुन्या लाकूडकामाचा सगळ्यांत मोठा पुरावा मात्र लाकडात नाहीच, दगडात आहे. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. तिथलं दहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह इसवी सनापूर्वीचं. वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने पहिल्यांदा पाहिलं ते हेच लेणं, आणि तेही १८१९ मध्येच, २८ एप्रिलला. त्याच्या बाजूच्या पाखांत छताला दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. दगडाला फासळ्या कशाला हव्यात? डोंगर कोरलाय, वर पेलायला काही नाही. मधल्या कमानीला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या होत्या, त्यांच्या खाचा अजून दिसतात. म्हणजे लेणं कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुताराने बांधलेली इमारत होती आणि ते तिची नक्कल करत होते. ती इमारत केव्हाच गेली. आयटीआयच्या मुलांना सहलीला तिथे नेलं की ती चित्रं बघायला पुढे पळत आणि मी त्यांना छताखाली उभं करून वर बघायला लावत असे. त्यांच्या दृष्टीने हा छळच होता.

आता लाकडाकडे येतो, कारण हत्यार लाकडाप्रमाणे बदलतं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याच्या वर, अंजनाची रानं आहेत. खानदेशचं खरं झाड हेच. अंजनाचं लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि इतकं कठीण की कोवळ्या पोलादाची पटाशी त्याच्यावर दुमडते. खांबाला आणि जिथे जोर येतो तिथे अंजन, गाडीच्या चाकांना बाभूळ, लवचीक दांड्यांना तिवस, चौकटी-दारांना साग. १८७८ चा जंगल कायदा आला, जंगलं राखीव झाली आणि सुताराला आधी डोंगरातून उतरवून मिळायचं ते लाकूड परवान्याचं झालं. पुढे ते वखारीत जाऊन विकत घ्यायचं झालं. माझ्या मते गावच्या सुताराचं बलुतं इथेच पहिल्यांदा खिळखिळं झालं. धान्याच्या बदल्यात काम करायचं ठीक, पण लाकूड रोखीने आणायचं आणि मजुरी सुगीला मिळायची, हे गणित कसं जमणार?

सुताराच्या हातचं सगळ्यांत अवघड काम म्हणजे गाडीचं चाक. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बाहेरून जोडलेले वाकडे तुकडे आणि त्या सगळ्यांवर लोखंडी धाव. तुंबा वाळलेलाच हवा. ओला तुंबा पुढे आकसतो आणि आरे खुळखुळतात. आऱ्यांचे वेज तुंब्यात सरळ पाडायचे नाहीत, किंचित कलते पाडायचे, म्हणजे चाक बाहेरच्या अंगाला थोडं खोलगट होतं. बैलाच्या चालीने गाडी डावी-उजवीकडे झुलते. सपाट चाकाचे आरे त्या झोक्यांनी ढिले होतात, खोलगट चाक झोका पेलतं. हा कलता वेज पाडायला आजोबा गुण्या वापरत नसत. त्यांच्याजवळ स्वतःच केलेला एक लाकडी सांगाडा होता, एका कोनात कापलेला. तो तेवढा मला त्यांच्याकडून मिळालेला आहे. बाजारात त्याची किंमत शून्य.

धाव चढवण्याच्या दिवशी लोहार आणि सुतार एकत्र. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी कमी करायची. गोवऱ्यांच्या गोलाकार भट्टीत ती लाल करायची, सांडशींनी तिघा-चौघांनी उचलून चाकावर टाकायची, घण मारून बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचं. धूर, वाफ, आरडाओरडा. लोखंड गार होताना आवळतं आणि सगळे सांधे करकरत आत बसतात. आजोबा त्या वेळी कुणाशी बोलत नसत, चाकाला कान लावून उभे राहत. करकर सगळीकडून सारखी आली पाहिजे. एका बाजूने आली नाही तर तिथला आरा आखूड पडला आहे, हे त्यांना कळे आणि लोहारालाही कळे, आणि मग दोघांत कुणाचं चुकलं यावर दिवसभर जुंपे.

रेल्वे आली आणि पिशवीतली हत्यारं बदलू लागली. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे खानदेशातून पुढे गेली, भुसावळला मोठं ठाणं आणि इंजिनांचा कारखाना झाला. त्याच सुमाराला, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. जिन-प्रेस उभ्या राहिल्या, १८७० च्या दशकात जळगावात कापडगिरणी निघाली. रेल्वेला सुतार हवे, गिरणीला सुतार हवे, ओतकामाचे लाकडी साचे करायला तर फारच कसबी सुतार हवे. पगार महिन्याला, रोख. गावातला एक भाऊ बलुत्यावर राहिला आणि दुसरा भुसावळला गेला, अशी कितीतरी घरं मी पाहिलीत. भुसावळचा भाऊ दिवाळीला गावी येताना गावातल्या भावाला विलायती पटाशी घेऊन येई. जुन्या पटाश्या कशा आल्या, हे म्हातारे सुतार सांगतात त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते.

विलायती हत्यार ओळखायला शिकणं हा एक वेगळा अभ्यास आहे आणि मला तो पुष्कळ उशिरा लागला. पटाशीच्या देठाजवळ शिक्का असतो. गंज आणि काट यांच्याखाली तो दिसत नाही. घासकागद लावायचा नाही, शिक्का जातो. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवायचं, मग चिंधीने आणि बांबूच्या काडीने साफ करायचं. वॉर्ड अँड पेन, मार्पल्स अशी शेफिल्डची नावं निघतात; मार्पल्सच्या शिक्क्यात तीनपानी चिन्ह असतं. ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरं असली तर ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद. ही रीत शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बसवली. तो मूळचा घड्याळजी, स्प्रिंगांना चांगलं पोलाद मिळेना म्हणून या खटपटीत पडला. ‘मेड इन’ अमुक अशी देशाची खूण असेल तर हत्यार बहुधा १८८७ नंतरचं, कारण त्या वर्षी इंग्लंडात मालावरच्या शिक्क्यांचा कायदा झाला आणि १८८९ मध्ये तसाच हिंदुस्थानात. बाणाच्या टोकासारखी खूण असली तर ते सरकारी मालकीचं. ते सुताराच्या पिशवीत कसं आलं, हे विचारायचं नाही.

एक लोखंडी रंधा मला भुसावळच्या भंगारात मिळाला. वर डांबर, आत कोळ्याचं जाळं, मागची मूठ मोडलेली. पातं काढलं, पात्याखालचा लोखंडी ठोकळा सोडवला आणि तळाची चिखलमाती धुतली तर ठोकळ्याच्या मागे ओतीव अक्षरांत तीन तारखा: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. या अमेरिकेतल्या स्टॅनली कंपनीच्या पेटंटच्या तारखा. लेनर्ड बेली नावाच्या माणसाने स्क्रू फिरवून पातं खाली-वर करता येईल असा रंधा काढला, १८६९ मध्ये स्टॅनलीने त्याचे हक्क घेतले आणि पुढे सुधारणा करत राहिले. तिन्ही तारखा एकत्र असलेले रंधे १९१० नंतरच्या सात-आठ वर्षांतले. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आसपास हा रंधा कनेक्टिकटमधून निघाला आणि कधीतरी भुसावळला पोचला. इथवर त्याची कथा कुठल्याही संग्राहकाला आवडेल. पण मोडलेल्या मुठीच्या जागी नंतर कुणीतरी शिसवाची मूठ बसवली होती, तीही पुढे मोडली, तिचा बुडखा अजून आत आहे. पुढच्या गोल मुठीला आडवं भोक पाडलंय, त्यातून दोरी ओवायची आणि समोर बसलेल्या पोराने ती ओढायची. जाड, कठीण लाकडावर लाकडी रंधा दोघांनी चालवायची आपली जुनी रीत या अमेरिकन रंध्यालाही लावलेली आहे.

मुंबई-पुण्याकडचे दोन-तीन हौशी संग्राहक अधूनमधून येतात. ते असा रंधा हातात घेतात, भोक बघतात आणि हळहळतात: मूळची मूठ असती तर. मूळ मुठीसकट, डब्यासकट, कागदी लेबलासकट असलेलं हत्यार त्यांना हवं असतं. म्हणजे जे कुणी वापरलंच नाही ते. त्यांचा माल त्यांना लखलाभ. काहीजण तर चाकावर पॉलिश मारून पातं आरशासारखं करतात आणि धारेशी पोलादाची जी रेघ असते तीच घालवतात. शेफिल्डला लाखोंनी पटाश्या निघाल्या, त्यांचे कॅटलॉग छापलेले आहेत, त्यांची माहिती तिकडे नीट जपलेली आहे. यावलच्या सुताराने त्या पटाशीचं काय केलं, ते फक्त त्या पटाशीवरच लिहिलेलं आहे.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलं की अडकित्ते, दिवे, कोरीव दारं पाहून थक्क व्हायला होतं. दिनकर केळकरांनी एकट्याने केवढं जमवलं! पण त्या कोरीव दारांपुढे उभा राहून मी शोधतो ते पटाशीचे घाव. पानाच्या देठाशी जिथे कोरणाऱ्याची पटाशी किंचित सुटली आहे, तिथून तिची रुंदी मोजता येते. तिथल्या रखवालदाराने मला एकदा हटकलंही, माझ्या हातात टेप होती म्हणून.

जुनी हत्यारं अजूनही कामात पाहायची असतील तर जळगावला कार्तिकी एकादशीला यावं. जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथ १८७२ पासून निघतो. अप्पा महाराजांनी सुरू केलेला हा उत्सव. अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ, धुळ्याला, पारोळ्याला बालाजीचा. एवढे लाकडी रथ एकाच टापूत का, याचं उत्तर माझ्या मते चाकं करणारे हात इथे होते, हेच. या रथांना ना सुकाणू ना ब्रेक. दोरांनी शेकडो माणसं ओढतात, आणि वळवायचं-थांबवायचं काम मोगरीवाले करतात. लांब दांड्याचा लाकडी ठोकळा पळत्या चाकाखाली नेमक्या कोनात सारायचा आणि त्याच क्षणी हात काढून घ्यायचा. डाव्या चाकाला लावली की रथ डावीकडे वळतो. गर्दी वर देवाकडे बघत असते, मी खाली चाकाकडे. मोगरीचं लाकूड फुटलं तर रथ माणसांवर जाईल, म्हणून ते निवडणारा, तासणारा माणूस साधा नसतो.

बाकीचं सगळं लवकर आवरलं. किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला. पहिले काही नांगर खपेनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तोवर ती शंका मावळली होती आणि लाकडी नांगराचे दिवस भरत आले होते. मग गाडीला रबरी टायर आले, धाव गेली, आरे गेले. वखारीतल्या यांत्रिक आऱ्याने आरेकसांची जोडी घरी बसवली. स्वातंत्र्यानंतर विलायती हत्यारं दुर्मिळ झाली तशी जालंधर-लुधियान्याची आली, ती वाईट नव्हती. प्लायवूड आलं, आणि आता आमचं जळगाव तर पीव्हीसीचं गाव: पाइप, चटया, लाकडाऐवजी वापरायचे पत्रेसुद्धा. मी शिकवलेली मुलं आज मॉड्युलर किचन करतात, चांगला पैसा मिळवतात, बॅटरीवरचं ड्रिल चालवतात. त्यांना सामता दाखवला तर हसतात. धनुष्याच्या दोरीने पुढे-मागे फिरणारं, दोन्ही फेऱ्यांना कापणारं टोक. मग मी त्यांच्या हातात देतो आणि अंजनाच्या फळीला भोक पाडायला सांगतो. हसू थांबतं, मनगट भरून येतं.

हत्यारं मिळवणं सोपं नाही, आणि त्याला कारण पैसा नाही. सुताराच्या घरात खंडेनवमीला हत्यारं मांडतात, हळदकुंकू वाहतात, त्या दिवशी त्यांना काम लावत नाहीत. घरात कुणी सुतारकाम करत नसलं, पोरगा महावितरणमध्ये असला, तरी वाकस पूजेला लागतो. तो कसा विकणार? पारोळ्याच्या ज्या म्हाताऱ्यांकडून मला तो दोन रेघांचा वाकस मिळाला, त्यांनी आधी मला चहा दिला, माझं घराणं विचारलं, आजोबांचं गाव विचारलं. मग म्हणाले, “भाऊ, हाऊ वाकस मन्हा आजाना शे.” मी म्हटलं, आप्पा, मग राहू द्या. त्यांनी थोडा वेळ काढला आणि पैसे घेणार नाही म्हणाले. दरवर्षी खंडेनवमीला त्याला कुंकू लागलं पाहिजे, एवढंच कबूल करून घेतलं. त्यामुळे माझ्या खोलीत त्या दिवशी बराच वेळ जातो. पारोळ्याच्या वाकसाला एकट्याला कुंकू लावून बाकीच्यांना कोरडं ठेवता येत नाही, स्टॅनलीलाही नाही.

हल्ली मी विकत घ्यायच्या भानगडीत कमीच पडतो. चोपड्याकडे एका घरात आरेकसांचा दोनमाणशी आरा आहे, पुरुषभर लांब, मधे पोट फुगलेला. घरचे तो देत नाहीत, आणि का द्यावा? मी खाकी कागद आणि पेन्सिल घेऊन जातो, आरा जमिनीवर आडवा ठेवून दात्यांसकट त्याची रेघ काढतो, दात्यांमधलं अंतर मोजतो, मुठीजवळच्या झिजेची खोली लिहून घेतो. घरातल्या आजीबाई शेजारी बसून सांगतात की खड्ड्यात उभा राहायचा तो दीर धाकटा, त्याच्या डोळ्यांत भुस्सा जायचा म्हणून तो कायम डोक्यावरून पंचा घेई. वर उभा राहून आरा रेघेवर ठेवायचा तो त्यांचा नवरा. वरच्या मुठीची झीज उजव्या अंगाला आहे, खालच्या मुठीची डाव्या. धाकटा दीर डावखुरा होता का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाल्या, जेवायचा उजव्या हाताने, पण विळा डाव्या हातात धरायचा. मी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं.